जामची धुरपता पाहायला निघते

जामच्या चौकात चहाची टपरी चालवणाऱ्या धुरपता मडावीला वर्धा जिल्ह्यातलं काय माहीत नाही, ते विचारा! सेवाग्राम किती लांब, वाटेत पंक्चरवाला कुठे बसतो, पवनारच्या नदीत उतरता येतं का, गोपुरीच्या मंदिरात कोणत्या वेळी गर्दी नसते, सारं बाई चहा गाळता गाळता सांगायची. हैदराबादकडे निघालेले नागपूरकर, चंद्रपूरहून परतणारे, सहल घेऊन आलेले मास्तर, नवं नवं लग्न झालेली जोडपी, सगळे तिच्या बाकड्यावर बसून माना डोलवायचे. घरात गोंडी, गल्ल्यावर मराठी आणि ट्रकवाल्यांशी हिंदी, अशा तीन तीन भाषांवर घासून जीभ चांगली पाजळलेली. आणि सांगायची कशी? हात वर करून, डोळे मिटून, जणू काल संध्याकाळीच तिथून पाय धुऊन आली.

यात एकच गोम होती. बाईनं यातलं एकही ठिकाण पाहिलं नव्हतं.

खोटं वाटतं ना? पण टपरीवाल्याला सुट्टी कोण देतो हो? लग्न होऊन जामला आली ती थेट शेगडीपाशीच. मुलं झाली, मोठी झाली, पोरगी गुंजन लग्न होऊन नालवाडीला गेली, तिचं बाळंतपण, नातवंडाचं बारसंही धुरपतानं धावत जाऊन धावत येऊनच उरकलं. नालवाडीपासून गोपुरी अशी किती लांब? पण मागे दूध उतू जाईल की काय, या काळजीनं ती कधी त्या वाटेला वळलीच नाही. एका गिऱ्हाइकाकडून ऐकायचं ते दुसऱ्याला सांगायचं, आणि कमी पडलं तर आपल्या पदरचं घालायचं, असा तिचा कारभार.

त्यातलंच ते नारळांचं प्रकरण. कोणी गोपुरीचं नाव काढलं, की धुरपता टोपलीतला नारळ उचलून त्याच्या हातात ठेवायची. "मंदिरात चालले न? मंग नारळ येथूनच घेऊन जा. मूर्ती लय जागृत हाय." मंदिर म्हटलं की मूर्ती आली, मूर्ती म्हटली की नारळ आला, यात विचारायचं काय? हायवेचं गिऱ्हाईक एकदा गेलं की परत तोंड दाखवत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती तशीच राहिली.

मग चौकात उड्डाणपूल झाला आणि गाड्या डोक्यावरून जायला लागल्या. खाली टपरीवर माशा. धुरपता आणि तिचा नवरा कवडू, दोघं समोरासमोर बसून एकमेकांना चहा पाजायला लागले. असं किती दिवस चालणार?

अशात एक दिवस योगेंद्र आला. हा पुलगावजवळच्या नाचणगावचा, किराणा दुकानदाराचा पंचविशीतला पोरगा. मागच्या वर्षी त्याच्या गाडीचं टायर टपरीसमोरच बसलं होतं. तेव्हा चहा पिता पिता त्यानं सहज विचारलं होतं, "मावशी, आर्वीकडच्या धरणावर काई पाह्यासारखं हाय का?" आता त्या धरणाबद्दल धुरपताला कधी कोणी चकार शब्द सांगितला नव्हता. पण 'माहीत नाही' म्हणेल ती धुरपता कसली! उचलली जीभ लावली टाळ्याला. "हाय म्हणजे? पाण्याखाली देऊळ हाय, बापा! गाव बुडलं, देऊळ बुडलं, पण घंटा अजून वाजते. सांजच्याले कान देऊन बसलं तं आयकू येते."

पोरगा चहा विसरून ऐकत राहिला होता. आणि वर्षभरानं तो सांगत आला की त्यानं बोट आणली. धरणाच्या फुगवट्यात, जिथे नदीचं पाणी मागे पसरून गावंच्या गावं झाकून बसलंय, तिथे संध्याकाळची फेरी. बोटीवर रंगवून घेतलं होतं, 'रिव्हर क्रूझ : बुडालेल्या घंटेची सफर'.

"मावशी, तुम्ही फक्त बोलाचं. माइक मी देतो. पगार महिन्याच्या महिन्याले. पहिल्या फेरीत लोकायले आवडलं तं काम पक्कं. नाईतं नागपूरचा एक पोरगा तयार हाय, तो इंग्रजीत बी बोलते."

धुरपतानं हो म्हटलं. नाही म्हणून सांगते कोणाला? पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच घोळायला लागलं. टपरीवरचा माणूस चहा संपला की उठून जातो. बोटीवरचा कुठे जाईल, पाण्यात? तो तासभर समोर बसणार, उलट विचारणार, घंटेचं झालं की सेवाग्रामचं विचारणार, गोपुरीचं विचारणार. शेवटी तिनं ठरवलं. फेरी संध्याकाळची आहे, त्या दिवशी सकाळीच निघायचं, आणि जन्मभर जे जे सांगितलं ते एकदा डोळ्यांनी पाहून घ्यायचं.

"काऊन जातं?" कवडू म्हणाला. "सारं तं तुले माहीत हाय."

"माहीत हाय. पाह्यलं कोठी हाय?"

"अन् एकटी?"

"नाईतं काय वरात काढू?" असं म्हणून तिनं गुंजननं दिलेलं नवं लुगडं नेसलं, पिशवीत भाकर-चटणी टाकली आणि वर्धेच्या बसमध्ये खिडकीशी जाऊन बसली. कापूस वेचणीला आला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायका ओटीत कापूस भरत होत्या, आणि आज आपल्याला कोणाला काही द्यायचं नाही, कोणी 'बाई, दोन कट चहा' म्हणून हाक मारणार नाही, याचंच धुरपताला पहिलं नवल वाटलं.

सेवाग्रामला उतरली तेव्हा ती बापूंचा महाल शोधत होती. महाल असंच ती सांगत आली होती. एवढा मोठा माणूस, सारा देश ज्याच्या दारात यायचा, तो काय झोपडीत राहणार? पण झाडांखालून आत गेली तर समोर मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, आत चटई. चपला बाहेर काढून आत पाय ठेवला, आणि तळव्याला गार जमीन लागली. अगं बाई! हे तर थेट तिच्या मायच्या घरासारखं. माय अशाच भिंती सारवायची, बोटांचे ठसे असेच उमटायचे. धुरपता कोपऱ्यात उभी राहून खुळ्यासारखी हसली.

एका जागी साप धरायचा चिमटा ठेवला होता. तिथल्या मुलीला तिनं विचारलं, "हे कायले व?" मुलगी म्हणाली, की साप निघाला तर त्याला मारायचं नाही, यानं धरायचं आणि दूर नेऊन सोडायचं. धुरपताचा बाप जंगलात तेंदूपत्ता तोडायचा. तोही साप दिसला की दोन फाट्यांच्या काठीनं बाजूला सारायचा, आणि वर 'जा रे बाबा, तुलेबी पोट हाय' अशा अर्थाचं काही गोंडीत म्हणायचा. हे तिनं त्या मुलीला सांगितलं, तर मुलगी कामधाम सोडून ऐकत बसली. गंमत बघा, इतकी वर्षं महालाच्या थापा मारल्या, आणि स्वतःच्या बापाची खरी गोष्ट आज पहिल्यांदा कोणाला सांगितली.

तिथून ऑटोनं गोपुरी. आधी लागला तो पांढराशुभ्र स्तूप. चारही दिशांना बुद्धाच्या मूर्ती. धुरपतानं चारही बाजूंनी फिरून एकेका चेहऱ्याकडे नीट पाहिलं, कुठला जास्त हसतोय ते ठरवायला. ठरेना. मग विचारत विचारत ती मंदिराकडे वळली, पिशवीत टपरीवरचाच एक नारळ घेऊन. आता जागृत देवाचं दर्शन व्हायचं होतं.

आत गेली आणि थबकलीच.

छप्पर नाही. गाभारा नाही. मूर्ती तर नावालाही नाही. नुसते उभे दगड, ओळीनं, आणि त्यांवर कोरलेले श्लोक. वर उघडं आभाळ. धुरपतानं एक चक्कर मारली, दुसरी मारली, वाटलं मूर्ती मागच्या बाजूला असेल. मागच्या बाजूला चिमण्या होत्या.

"काय करून बसली मी!" ती स्वतःशीच म्हणाली आणि पिशवीचं तोंड घट्ट आवळलं. किती नारळ पाठवले असतील इथे? किती माणसं अशीच चकरा मारून गेली असतील?

एवढ्यात एक जोडपं दिसलं. ते दोघंही अशाच चकरा मारत होते. बाईच्या हातात नारळ. धुरपतानं तो नारळ लांबूनच ओळखला, शेंडी अर्धवट सोलायची कवडूची पद्धत ती ओळखणार नाही तर कोण?

"काकू, इथली मूर्ती कुठे आहे हो?" त्या बाईनं विचारलं. तिचं नाव अंजू, चंद्रपूरहून आली होती. "सकाळी जामला थांबलो होतो. तिथले एक काका म्हणाले, मूर्ती फार जागृत आहे, नारळ घेऊनच जा."

"कोणता काका? टकला, चष्मेवाला?"

"हो हो, तेच!"

"त्याचं काई आयकू नका," धुरपता ठसक्यात म्हणाली. "तो बाहेरगावी कोठी गेलाच नाई कधी."

हे ऐकून फाटकाबाहेरून हसू आलं. तिथे बोरं आणि पेरूंची हातगाडी लावून एक म्हातारा बसला होता, बंडूजी. तो ओरडला, "आणा इकडं नारळ! मंदिरात नाई फोडत, येथं फोडतो मी." सगळे तिकडे गेले. त्यानं गाडीच्या कडेवर नारळ आपटला, पाणी एका भांड्यात धरलं, खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांना वाटले. "जामले कोणी एक बाई हाय म्हणते. सालोसाल नारळ देऊन माणसं पाठवून राह्यली. लोकं येतात, मूर्ती सापडत नाई, मंग मलेच देऊन जातात. देव भलं करो तिचं! माही बुढी म्हणते, चटणीले नारळ इकत आणाचं काम नाई आपल्याले."

अंजू आणि तिचा नवरा पोट धरून हसले. धुरपताही हसली, पण जरा जपून.

"तुम्ही कोठच्या?" बंडूजीनं विचारलं.

"हिंगणघाटची," धुरपता पापणीही न लववता म्हणाली.

मग तिनं मघापासून डोक्यात असलेलं विचारलं. "काहो, ह्या मंदिराले छप्पर काऊन नाई?"

"मले मालूम नाई, बाप्पा," बंडूजी म्हणाला. "मी पेरू इकतो."

बस, एवढंच. असं म्हणाला आणि पेरूला मीठ लावायला लागला. ना मान खाली गेली, ना कोणी त्याला हसलं. अंजूनं तर उलट त्याच्याकडून पेरू विकत घेतले. धुरपता बघतच राहिली. 'मालूम नाई' म्हणायला एवढं सोपं असतं? तिनं आत जाऊन त्या दगडांपाशी बसून भाकर खाल्ली, चौथीपर्यंत शिकलेली अक्षरं बोटानं जुळवून एक ओळ वाचली, आणि समजली नाही तरी उठावंसं वाटेना.

पण संध्याकाळचं काम डोक्यावर होतं. आर्वीच्या बसमध्ये बसली आणि तीच काळजी पुन्हा मागे लागली. सेवाग्रामला महाल नाही, गोपुरीला मूर्ती नाही, मग धरणात देऊळ तरी आहे का? की तेही कवडूच्या चहासारखं, नुसतं पाणी? शेजारी बसलेल्या बाईला तिनं विचारलं, तर ती म्हणाली, तिकडे गावं बुडालीत हे खरं, बाकी देव जाणे. फेरी फसली तर काम त्या इंग्रजीवाल्या पोराचं. आणि टपरी तर आताच मेल्यासारखी.

धरणापाशी पोचली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. आणि पाणी! बयो, केवढं ते पाणी! जामच्या चौकात उभं राहून सांगताना तिनं फार तर तळ्याएवढं धरलं होतं. इथे तर पलीकडचा काठ धुरकट दिसत होता, आणि मध्येच वाळलेल्या झाडांचे शेंडे पाण्याबाहेर उभे. त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसले होते.

बोट लग्नातल्या घोड्यासारखी सजवली होती. माणसं भरली होती. योगेंद्रनं तिला हात देऊन आत घेतलं, आणि बोट पायाखाली हलली तशी धुरपतानं त्याचा दंडच धरला. जन्मात पहिल्यांदा ती बोटीत चढत होती.

"मावशी, हे माही आई, प्रमिलाबाई," योगेंद्र म्हणाला. कडेला डोक्यावर पदर घेऊन एक बाई बसली होती, धुरपताच्याच वयाची. "बोट आणली तवापासून म्हणून राह्यलो, एकदा बस. आज ओढून आणली तवा आली."

प्रमिलाबाईंनी नमस्कार केला, आणि पुन्हा पाण्याकडे तोंड केलं.

बोट निघाली. मध्यावर आल्यावर योगेंद्रनं इंजिनाचा आवाज कमी केला, आणि तिच्या हातात माइक दिला. डोळ्यांनीच म्हणाला, चला मावशी. सगळी तोंडं तिच्याकडे वळली. धुरपतानं हात वर केला, डोळे मिटले. सवयच ती.

"आयका! ह्या पाण्याखाली गाव हाय. त्या गावात देऊळ हाय. अन् त्या देवळाची घंटा सांजच्याले अजून..."

"कोणत्या देवळाची?"

आवाज कडेचा होता. प्रमिलाबाईंचा.

"मारोतीच्या म्हणता का?" त्या म्हणाल्या. "त्याची घंटा तं चोरीले गेलती. माह्या लग्नाच्या आधीच. मंग कोणी नवी बसवलीच नाई."

दोनचार जण फिसकन हसले. एक जण म्हणाला, "घंटेची सफर अन् घंटाच नाई!" योगेंद्रचा चेहरा उतरला. त्यानं आधी आईकडे पाहिलं, मग धुरपताकडे, आणि त्या पाहण्यातच तिला नागपूरचा पोरगा दिसला. गेलं काम. गेलंच.

एरवीची धुरपता असती तर म्हणाली असती, ती घंटा वेगळी, ती जुन्या देवळाची, अन् रचला असता आणखी एक मजला. शब्द ओठांवर आलेही होते. पण तेवढ्यात तिचं लक्ष त्या बाईकडे गेलं. ही बाई त्या गावाची! पाण्याखालच्या! मग धुरपताला घंटा सुचेना, काही सुचेना. काम तर गेलंच आहे, आता विचारून तरी घेऊ, असं म्हणून ती माइक घेऊन तशीच प्रमिलाबाईंपाशी जाऊन बसली.

"मले मालूम नाई, बाई," ती म्हणाली. "मी पाह्यलं नाई तुमचं गाव. घंटा नव्हती, तं मंग देवळात काय होतं?"

प्रमिलाबाई पाण्याकडून तिच्याकडे वळल्या. "पोट्टे होते," त्या म्हणाल्या. "दिवसभर पोट्टेच. अन् दुपारी म्हातारे पत्ते खेळत."

"मारोतीसमोर?"

"त्याच्याकडं पाठ करून."

बोट हसली. धुरपता पुढे सरकली. विहीर कोठी होती? पाणी गोड का मचूळ? बाजार कोणत्या वारी भरे? सासू कशी होती तुमची? प्रमिलाबाईंचा पदर डोक्यावरून कधी घसरला त्यांनाही कळलं नाही. त्या हातानं दाखवायला लागल्या, तो दिसते न शेंडा, ते चिंचेचं झाड, त्याच्याखाली बांगड्यावाली बसे. तिकडं धुण्याचा दगड. त्या दगडासाठी दोन जावांचं भांडण, ते गाव उठलं तरी मिटलं नाही. बोटीतली पोरं फोन खाली ठेवून त्या बोटाकडे बघत होती.

इंजिन बंद झालं. योगेंद्र त्या दोघींपाशी आला. आता हा काठावर उतरवून देणार, असं धुरपतानं धरलंच होतं. पण पोरगा तिच्या कानाशी वाकला, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मावशी, हिले विचारा न, आमचं घर कोठी होतं?"

"म्हणजे? तुमाले मालूम नाई?"

"मी रांगत होतो म्हणते गाव उठलं तवा. घरात कोणी नाव नाई काढत. मंग मी बी कधी विचारलंच नाई."

धुरपतानं त्याच्याकडे पाहिलं, आणि माइक त्याच्या हातात दिला.

"उद्यापासून मी विचारीन," ती म्हणाली. "आज तुमची पाळी. माय तुमची हाय."

योगेंद्रनं मान हलवली. माइक बाजूला ठेवला आणि आईच्या पायाशी टेकला. "आई, आपलं घर कोठी होतं व?"

प्रमिलाबाईंनी काठावरची टेकडी पाहिली, चिंचेचा शेंडा पाहिला, मधलं अंतर नजरेनं मोजलं. "येथं नाई," त्या म्हणाल्या. "डावीकडं घे." योगेंद्र उठला, इंजिन सुरू करून बोट हळूच डावीकडे वळवली. "आणखी पुढं. हे पाटलाची गल्ली. आता सरळ. हळू घे न रे... बस. थांबव. आंगण आलं."

बोट थांबली. धुरपतानं कडेवरून वाकून खाली पाहिलं. हिरवट पाण्यापलीकडे काही दिसत नव्हतं, तरी ती पाहत राहिली.

"आंगणात काय होतं, आई?" योगेंद्रनं विचारलं.

प्रमिलाबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"तू होता," त्या म्हणाल्या.